हात पुढे करून थांबणं

स्टेशनवर गाडी लागली आणि डब्यातून एक तरुण बाई उतरली, कडेवर नऊ-दहा महिन्यांचं बाळ. तिला घ्यायला आलेल्या आजी गर्दीतून वाट काढत पुढे झाल्या, हातातली पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हात पुढे केले. बाळानं क्षणभर त्यांच्याकडे टक लावून पाहिलं, खालचा ओठ बाहेर काढला आणि आईच्या खांद्यात तोंड खुपसून टाहो फोडला. लेक ओशाळली. "अरे, आजी आहे ना आपली!" आजी हसल्या. "असू दे गं, झोपमोड झाली असेल," म्हणाल्या. पण ते पुढे केलेले हात मागे घ्यायला त्यांना वेळ लागला. आधी त्यांनी बाळाच्या पावलाला हात लावला, मग लेकीच्या दंडाला, आणि मग सामानाकडे वळल्या. अनोळखी माणसांचा हा मिनिटभराचा प्रसंग, पण मनातून जाता जाईना. त्या आजींचं काहीच चुकलं नव्हतं. पुढचे काही महिने हे असंच होणार आहे आणि ते चांगलं लक्षण आहे, एवढंच त्यांना कुणी आधी सांगितलेलं नव्हतं.

साधारण आठव्या महिन्याच्या आसपास बाळाला ओळखीचा चेहरा आणि परका चेहरा यांतला फरक पक्का कळू लागतो. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात तेच बाळ येईल त्याच्याकडे बघून हसत असतं. तेव्हा भेटून गेलेल्या आजी-आजोबांना मग वाटतं, बाळ आपल्याला विसरलं. खरं तर त्या रडण्याचा अर्थ इतकाच, की आपलं माणूस कोण हे त्याला आता नेमकं ठाऊक झालंय. ही भीती वयाच्या दीड-दोन वर्षांपर्यंत कमी-जास्त होत राहते. तोवर करायचं ते सोपं आहे, फक्त आसुसलेल्या मनाला जड जातं. बाळाला लगेच घ्यायचं नाही. ते आईच्याच कडेवर असू द्यायचं आणि आपण आईशी बोलायचं, कारण आई ज्याच्याशी सैलपणे बोलते तो माणूस बरा, हे बाळ आईच्या चेहऱ्यावरून ओळखतं. मग जमिनीवर बसायचं, समोरासमोर न बसता जरा तिरकं, नजरेला नजर न भिडवता. हातात एखादी वस्तू घ्यायची. वाटी-चमचा चालतो, झाकणाचा रिकामा डबा चालतो. आपल्याशीच खेळत राहायचं. दहा-वीस मिनिटांत बहुतेक बाळं रांगत येऊन त्या वस्तूला हात लावतात. तेव्हाही उचलायचं नाही. वस्तू द्यायची, परत मागायची, पुन्हा द्यायची. नवा चष्मा, नवी दाढी, डोक्यावरची टोपी, मोठा आवाज, यांतलं काहीही एक या सगळ्यावर पाणी फिरवू शकतं. आणि निघताना बाळाचं लक्ष नसताना गुपचूप सटकायचं नाही. हात हलवून, सांगून जायचं. ते रडेल, पण हा माणूस सांगून जातो आणि पुन्हा येतो, हा हिशोब त्याच्या मनात तिथूनच सुरू होतो.

नातवंड येतं तोवर आपलं शरीर बदललेलं असतं, याचा विचार फार कमी लोक करतात. नवजात बाळाला वीस ते तीस सेंटिमीटरवरचंच नीट दिसतं, म्हणजे छातीशी धरल्यावर धरणाऱ्याच्या चेहऱ्यापर्यंतचं अंतर. आणि साठीच्या डोळ्यांना नेमकं तेवढ्याच अंतरावरचं चष्म्याशिवाय धूसर दिसतं. म्हणून पहिल्यांदा बाळ हातात घेण्याआधी जवळचा चष्मा डोळ्यांवर असू द्यावा. दोघांनाही एकमेकांचा चेहरा दिसायला हवा. कानांचंही तसंच. वय वाढतं तसे आधी उंच पट्टीतले आवाज जातात, आणि लहान मुलांचा आवाज उंच पट्टीतलाच असतो. त्यात स, श, फ यांसारखी वाऱ्याची व्यंजनं सर्वांत आधी निसटतात. तीन वर्षांचं मूल पोटतिडकीनं काही सांगतं, आजोबा "हो का, हो का" करतात, आणि मूल एकदम गप्प होतं, कारण त्यानं प्रश्न विचारलेला असतो. अशा वेळी टीव्ही बंद करावा, मुलाच्या उंचीला खाली बसावं, त्याचे ओठ दिसतील असं बसावं आणि न कळल्यास "पुन्हा सांग" म्हणावं. पुन्हा सांगायला मुलांना कंटाळा नसतो. खोटं "हो" मात्र त्यांना लगेच कळतं. श्रवणयंत्र लागत असेल तर ते लावून घेण्यासाठी यापेक्षा मोठं कारण मला तरी दिसत नाही.

मनगटाचं दुखणं हा आणखी एक ठरलेला भाग. बाळाच्या काखेत हात घालून, अंगठे ताणून, त्याला वर उचलत राहिलं की अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला ठणका सुरू होतो. डॉक्टर याला डी क्वेरव्हेनचा आजार म्हणतात. नव्या आयांना तो होतो तसा नातवंडं सांभाळणाऱ्यांनाही होतो. उचलताना एक तळहात बाळाच्या ढुंगणाखाली आणि दुसरा पाठीमागे सरकवायचा, अंगठा बोटांना चिकटलेला ठेवायचा आणि वजन पंजाऐवजी कोपरापासूनच्या हातावर घ्यायचं. जमिनीवरून उठताना बाळाला घेऊन एकदम उभं राहायचं नाही. आधी एक गुडघा टेकवून, दुसरं पाऊल पुढे रोवून, बाळ छातीशी घट्ट धरून उठायचं. पाठ दुखत असेल तर बाळाला पलंगावर किंवा कोचावर चढू द्यावं आणि तिथून घ्यावं. चढण्यात त्यालाही मजा येते.

घराचं म्हणाल, तर रांगणाऱ्या बाळाच्या उंचीला येऊन एकदा सगळ्या खोल्यांत फिरून यावं. आई-बाबांच्या घरात नसलेल्या कितीतरी वस्तू आजी-आजोबांच्या घरात असतात. सोमवार ते रविवार असे कप्पे असलेली गोळ्यांची डबी ही त्यातली सर्वांत घातक. तिचं झाकण म्हाताऱ्या बोटांना सहज उघडावं म्हणून बनवलेलं असतं, म्हणजे ते दीड वर्षाच्या बोटांनाही उघडतं. रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या काही औषधांची एकच गोळी लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते. उशीखाली, पर्समध्ये, शर्टाच्या खिशात ठेवलेल्या गोळ्याही मोजाव्यात. दुसरी वस्तू म्हणजे चपट्या गोल बॅटऱ्या. रिमोटमधली, वजनकाट्यातली, श्रवणयंत्रातली. वीस मिलिमीटरची लिथियमची बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून जखम करते. अशी शंका जरी आली तरी वाट न बघता थेट रुग्णालय गाठायचं. तिसरं, गरम चहाचा कप. मूल मांडीवर असताना तो हातात घ्यायचाच नाही.

आता नियमांचं. तीस वर्षांत बाळ सांभाळायचं शास्त्र बऱ्याच बाबतींत उलटं झालंय, आणि ते उगाच झालेलं नाही. कित्येक देशांत पूर्वी डॉक्टरच बाळाला पालथं निजवायला सांगत. १९९०च्या दशकात बाळाला उताणंच निजवा, आजूबाजूला उशी, गोधडी, मऊ खेळणी ठेवू नका, अशा मोहिमा निघाल्या आणि झोपेत अचानक होणारे बाळांचे मृत्यू अनेक ठिकाणी निम्म्याहून खाली आले. एक वर्ष पूर्ण होण्याआधी मध चाटवायचा नाही, कारण त्यातले जिवाणूंचे बीजाणू कोवळ्या आतड्यात रुजून विष तयार करू शकतात. सहा महिन्यांच्या आत वरचं पाणी द्यायचं नाही, कारण त्यानं इवलंसं पोट भरतं, दूध कमी जातं आणि रक्तातलं सोडियम घटू शकतं. "आम्ही तुला असंच वाढवलं, काय झालं तुला?" हे वाक्य इथे ओठांवर येतं. ते वाक्य खरंही असतं. पण ज्या घरात काहीतरी झालं, त्या घरातलं कुणी ते वाक्य म्हणत नाही.

नातवंड आपल्याला मिळतं ते लेकीच्या किंवा मुलाच्या हातून.

मला या सगळ्या नात्यातलं मर्म इथे आहे असं वाटतं. आई-बाबा होताना निर्णय आपले असतात. आजी-आजोबा होताना प्रेम तितकंच येतं, कदाचित जास्त, पण निर्णय येत नाहीत. ही अडचण सांभाळण्याचं काम अर्धं नातवंडाशी आणि अर्धं आपल्याच मोठ्या झालेल्या मुलाशी असतं. २०२१ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ जेम्स रिलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पन्नास आज्यांना त्यांच्या नातवंडांचे फोटो दाखवून त्यांच्या मेंदूची छायाचित्रं घेतली. नातवंडाचा फोटो पाहताना भावना जशीच्या तशी आपल्यात उमटवणारे भाग जास्त जागे झाले, म्हणजे मूल हसलं तर आपण हसणं, त्याला लागलं तर आपल्याला लागणं. स्वतःच्या मोठ्या मुलाचा किंवा मुलीचा फोटो पाहताना मात्र समोरचा काय विचार करत असेल, का करत असेल, हे ताडून पाहणारे भाग पुढे आले. एकाच बाईच्या डोक्यात लेकरासाठी आणि लेकराच्या लेकरासाठी दोन वेगळ्या जागा. नातवंडाला लगेच जवळ घेणारी आणि लेकीचं बोलणं मनातल्या मनात तपासत बसणारी आजी ज्यानं पाहिली आहे, त्याला याचं नवल वाटणार नाही.

म्हणून मुलगा-सून किंवा लेक-जावई यांच्याशी काही गोष्टी बाळ येण्याआधीच बोलून ठेवाव्यात. आठवड्यात किती तास, कोणते वार, आजारपणात कोण, फोटो कुठे टाकायचे नि कुठे नाही, ओरडायचं कुणी. नियम दोन प्रकारचे असतात. झोप, औषध, गाडीतली मुलांची सीट, ॲलर्जी, हे आई-बाबांचे नियम, त्यांत तसूभरही फरक करायचा नाही. कपडा कोणता, अंघोळ आधी की खेळ आधी, गोष्ट एक की दोन, यांत थोडी ढील चालते, आणि मुलांनाही "आजीकडे असं असतं" हे सहज समजतं. फार लहान वयातच मुलं दोन घरांचे दोन कायदे वेगळे ठेवायला शिकतात. त्यांचा गोंधळ होतो तो एकाच घरात दोन मोठी माणसं त्यांच्यासमोर भांडतात तेव्हा. एखादी गोष्ट पटली नाही तर ती एकदाच, एकांतात, मूल झोपलेलं असताना सांगावी. सुनेला सांगायची गोष्ट मुलाकरवी पाठवू नये. त्यानं दोघांतलं अंतर वाढतं. आणि एक वाक्य आई-बाबांना वरचेवर ऐकायला मिळायला हवं: "तू छान करतेयस." बाळंतपणानंतरच्या रात्रींमध्ये हे वाक्य कोणत्याही सल्ल्यापेक्षा जास्त काम करतं. घरी गेल्यावर बाळ मागून घेण्याऐवजी भांडी घासायला, कपडे वाळत घालायला, दाराशी आलेल्या माणसाशी बोलायला पुढे व्हावं. बाळ आपोआप आपल्या हातात येतं.

निसर्गात आजी ही फार दुर्मीळ गोष्ट आहे. बहुतेक प्राण्यांच्या माद्या पिल्लं देण्याचं वय संपलं की फार जगत नाहीत. माणसाची बाई त्यानंतरही दशकं जगते, आणि तसंच काही देवमाशांचं. टांझानियातल्या, शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या हाड्झा लोकांमध्ये मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टेन हॉक्स यांना दिसलं, की कडक जमिनीतून कंद खणून काढायची ताकद लहान मुलांत नसते आणि आई नव्या बाळात गुंतली, की आधीच्या पोराचं पोट आजीच्या खणण्यावर अवलंबून राहतं. तिच्या कष्टाचा माग पोराच्या वजनात लागायचा. २००४ मध्ये मिर्का लाहडेनपेरा आणि सहकाऱ्यांनी फिनलंड आणि कॅनडातल्या अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या नोंदी तपासल्या. पन्नाशीनंतर बाई जितकी दशकं जास्त जगली, तितकी दर दशकामागे सरासरी दोन नातवंडं जास्त. ओर्का देवमाशांमध्ये आजी गेल्यानंतरच्या दोन वर्षांत नातपिल्लं दगावण्याचं प्रमाण वाढतं, आणि मासे कमी असलेल्या वर्षांत अधिकच. वाट ठाऊक असलेली म्हातारी पुढे नसते. आणखी एक गोष्ट मला या सगळ्याहून थक्क करते. मुलीच्या गर्भात विसाव्या आठवड्यापर्यंत तिची स्त्रीबीजं तयार झालेली असतात, साठ-सत्तर लाख. म्हणजे ज्या बीजापासून नातवंड झालं, ते कधीकाळी लेकीच्या पोटात आणि लेक आईच्या पोटात, असं होतं. आईच्या आईनं ते वाहिलेलं असतं, कुणाला ठाऊक नसताना.

पण नैसर्गिक आहे म्हणून कितीही ओझं टाका, असं नाही. ऑस्ट्रेलियात २०१४ मध्ये १८६ स्त्रियांच्या एका अभ्यासात आठवड्यातून एक दिवस नातवंडं सांभाळणाऱ्या आज्यांची स्मरणशक्ती आणि विचाराचा वेग चांगला दिसला, आणि पाच किंवा अधिक दिवस सांभाळणाऱ्यांचा कमी. एका अभ्यासावरून कारण आणि परिणाम ठरवता येत नाही, पण जे डोळ्यांना दिसतं त्याच्याशी हे जुळतं. सकाळी सात ते संध्याकाळी सात दोन पोरं सांभाळणाऱ्या बाईला स्वतःच्या डॉक्टरची तारीख पुढे ढकलावी लागते, फिरायला जाणं सुटतं, मैत्रिणी सुटतात. थकलेल्या माणसाकडून चिडचिड होते आणि मग अपराधी वाटतं. "मंगळवार आणि शुक्रवार मी येईन, बाकीचं तुम्ही बघा," हे वाक्य प्रेमाचंच आहे. आणि जे आजी-आजोबा मुलाच्या किंवा लेकीच्या मृत्यूमुळे, आजारपणामुळे, घर मोडल्यामुळे नातवंडांचे पुन्हा आई-बाप झाले आहेत, त्यांना हा पर्यायच नसतो. त्यांना कौतुकाची गरज कमी आणि मदतीच्या हातांची जास्त आहे. महिन्यातून एक दिवस कुणी येऊन पोरांना घेऊन गेलं, तर तेवढ्यावर त्यांचा महिना निघतो.

यातली सर्वांत अवघड गोष्ट अशी, की बहुतेक माणसांची पहिली आठवण तीन-साडेतीन वर्षांच्या आसपासची असते. आजी-आजोबांचं सर्वांत जास्त उचलणं, जागणं, झोपवणं नेमकं त्याच्या आधी होतं. मांडीवर थोपटलेल्या शेकडो दुपारींतली एकही नातवंडाला आठवणार नाही. पण जे आठवत नाही ते झालंच नाही, असं नसतं. कुणाच्या तरी अंगावर निर्धास्त झोपता येतं, हे मूल शिकलं ते त्याच दुपारींत.

आठवणी राहू लागतात तेव्हा गोष्टींचे दिवस येतात. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा मागणाऱ्या मुलाला नवी गोष्ट सांगायची घाई करू नये. २०११ मधल्या एका अभ्यासात तीन वर्षांच्या मुलांना तीच गोष्ट पुन्हा वाचून दाखवली, तेव्हा ती त्यातले नवे शब्द वेगवेगळ्या गोष्टी ऐकणाऱ्या मुलांपेक्षा जास्त शिकली. शब्द बदलू नयेत, आवाज बदलावा, आणि ठरावीक जागी थांबावं. चौथ्या-पाचव्या वेळी ती जागा मूल स्वतः भरतं. सहा-सात वर्षांनंतर खऱ्या गोष्टी सुरू कराव्यात: बाबा लहानपणी कशाला घाबरायचा, आजी-आजोबांची पहिली भेट कुठे झाली, घरावर वाईट दिवस आले तेव्हा काय केलं. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांनी अशा वीस प्रश्नांची यादी केली होती. ज्यांना जास्त उत्तरं ठाऊक होती, ती मुलं स्वतःविषयी जास्त निश्चिंत असायची. उत्तरं पाठ करून घेण्यात मात्र अर्थ नाही, हे त्यांनीच सांगितलं. ती उत्तरं ज्या निवांत बोलण्यातून येतात, ते बोलणं महत्त्वाचं. फक्त पराक्रम सांगू नयेत. आपण कशात आपटलो आणि पुढे काय केलं, हे मुलांना जास्त उपयोगी पडतं.

नातवंड दूरदेशी असेल तर फोनच्या पडद्यावरही हे जमतं, पण वेगळ्या रीतीनं. दोन वर्षांखालच्या मुलासाठी पाच-दहा मिनिटं पुष्कळ. वार आणि वेळ ठरलेली असावी. "कशी आहेस? काय खाल्लंस?" याला लहान मुलाकडे उत्तर नसतं. त्याऐवजी दर वेळी तेच एक गाणं, तीच एक बाहुली, तेच लपणं आणि दिसणं. फोन हातात न धरता टेकवून ठेवावा, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. बोलताना चेहऱ्याच्या चित्राकडे न बघता वरच्या कॅमेऱ्याकडे बघावं, कारण तेव्हाच मुलाला आपण त्याच्याकडे बघतोय असं दिसतं. आवाज अर्ध्या सेकंदानं पोचतो, म्हणून प्रश्न विचारल्यावर मनात तीनपर्यंत मोजावं. आणि तिकडे मुलाशेजारी बसलेल्या आईनं आपले हात व्हावं: इकडे आजोबांनी गुदगुल्या केल्या की तिकडे तिनं कराव्यात.

मग एक दिवस ते बारा-तेरा वर्षांचं होतं आणि दार लावून घेतं. इथे पुष्कळ आजी-आजोबा दुखावतात आणि मागे सरतात, ते सरू नये असं मला मनापासून वाटतं. समोर बसवून विचारपूस केली की या वयातली मुलं एका शब्दात उत्तर देतात. शेजारी शेजारी काही करताना मात्र बोलतात: कपाट आवरताना, सायकलची चेन बसवताना, गाडीत पुढे बघत बसलेले असताना. त्यांच्याकडून काहीतरी शिकायला मागावं, आणि खरंच शिकावं. गुणांचा विषय आपण काढू नये, तो काढायला घरात दुसरी माणसं असतात. आणि त्यांनी विश्वासानं सांगितलेलं आई-बाबांना सांगू नये, जिवाला धोका असेल तेवढं सोडून. तो अपवाद त्यांना आधीच स्पष्ट सांगून ठेवावा.

शेवटचं बोलणं टाळलं जातं, ते टाळू नये. पुष्कळ मुलांना मृत्यू पहिल्यांदा कळतो तो आजीच्या किंवा आजोबांच्या जाण्यानं. पाच वर्षांखालच्या मुलाला वाटतं, गेलेलं माणूस परत येईल. सात-आठपर्यंत कळतं, की येत नाही. त्याला "आजोबा झोपले" किंवा "दूर गावाला गेले" असं सांगितलं, तर ते झोपेला घाबरतं किंवा दाराशी वाट बघत बसतं. "आजोबा वारले, त्यांचं शरीर चालायचं थांबलं, त्यांना आता दुखत नाही, आणि यात तुझी काही चूक नाही" एवढं सरळ सांगावं, आणि तेच प्रश्न पुन्हा आले तर तीच उत्तरं द्यावीत. आजी-आजोबांनी स्वतः हयातीत करून ठेवायची तयारी म्हणजे जुने फोटो. मुलांना सोबत घेऊन बसावं आणि प्रत्येक फोटोच्या मागे कडेला मऊ पेन्सिलीनं नाव, नातं, साल, जागा लिहावी. बॉलपेननं लिहू नये, दाबाची खूण पुढून उठते आणि शाई दुसऱ्या फोटोला लागते. गुळगुळीत कागदावर पेन्सिल उमटत नाही, त्यासाठी फोटोसाठीच मिळणारं पेन घ्यावं. "आजी" किंवा "मामा" एवढंच लिहून भागत नाही. तीस वर्षांनी तो फोटो उलटा करून पाहणाऱ्याला कुणाची आजी आणि कुणाचा मामा हे कळायला हवं, म्हणून पूर्ण नाव लिहावं.